सिस्टर चेहरा बघत नाहीत

मी नारायण पेठेतली. कुणाचं तोंडभर कौतुक करायचं म्हणजे मला आदल्या दिवसापासून तयारी करावी लागते. त्यामुळे आम्रपाली ओव्हाळ या बाईंबद्दल मी चार चांगले शब्द लिहिणार आहे म्हटल्यावर आमच्या युनिटमधले लोक म्हणाले, शालनताई, तब्येत बरी आहे ना? बरी आहे हो. तीसुद्धा त्यांच्यामुळेच.

मी सिनेमा आणि मालिकांच्या ड्रेसखात्यात सव्वीस वर्षं आहे. कपडे शिवणं, उसवणं, इस्त्री करणं हे तर झालंच. पण नायकाच्या शर्टावर एका प्रसंगात चहा सांडला असेल तर पुढच्या प्रसंगात तो डाग त्याच जागी दिसला पाहिजे, म्हणून तो डाग सांभाळणं हेही माझंच काम. बारा-बारा तास उभं राहायचं, दुपारचं जेवण चारला मिळालं तरी देवाला हात जोडायचे आणि आजारी पडायचं ते शूटिंग संपल्यावर, ही आमच्या धंद्याची रीत. पाय सुजले? पॅकअप झाल्यावर बघू. छातीत जळजळतंय? पॅकअप झाल्यावर बघू. मग पॅकअप होतं, दुसऱ्या दिवशी दुसरं शूटिंग लागतं, आणि बघायचं राहून जातं ते राहूनच जातं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. विश्रांतवाडीच्या पुढे आळंदी रस्त्यावर एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमच्या मालिकेचा सेट लागला होता. प्रॉडक्शन मॅनेजर होती कल्याणी. वय तिशीतलं, बोलणं मोजकं, पण एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी हलायची नाही. तिच्या आधीच्या शूटिंगमध्ये एक सुतार करवत चालवता चालवता चक्कर येऊन खाली बसला होता. वाचला बिचारा, पण कल्याणीनं ते डोक्यात ठेवलं. तिनं सगळ्यांना सांगून टाकलं की या सेटवर मुहूर्ताचा नारळ फुटायच्या आधी प्रत्येकाची तपासणी होणार, आणि ज्याचं बीपी फार वाढलेलं निघेल त्यानं औषधपाणी होऊन ते उतरेपर्यंत परांचीवर चढायचं नाही. परांची म्हणजे लाइट टांगायला छताजवळ बांधलेली बांबूंची आणि फळ्यांची वाट, जमिनीपासून चांगली पंचवीस फूट.

तपासणीसाठी तिनं बोलावलं आम्रपालीबाईंना. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या, राहायला विश्रांतवाडीतच. पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला त्या आल्या त्या पांढऱ्या साडीत नव्हे, तर पोपटी सुती साडीत, पायात बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत मशीन, कार्डांचा गठ्ठा आणि मंडईतून आणलेल्या काकड्या. काकड्या कशाला, असं मी विचारलं. म्हणाल्या, तुमच्याकडे नाश्त्याला वडे असणार, हे मला माहीत होतं. मी मनात म्हटलं, झालं, आली आता शिकवणारी बाई.

माझ्या ड्रेसच्या खोलीलाच लागून प्लायवूडचा आडोसा करून त्यांना कोपरा दिला होता. पलीकडे शिंकलं तरी अलीकडे ऐकू यायचं. दोन खुर्च्या, एक टेबल. प्रत्येकाला आधी पाच मिनिटं गप्प बसवायच्या, पाय जमिनीला टेकवून. मग दंडाला पट्टा. आकडा मोठ्यानं बोलायचा नाही हा त्यांचा नियम; कार्डावर लिहून कार्ड गठ्ठ्यात ठेवायचं, दहा वाजता डॉक्टरबाई येणार, त्या सगळी कार्डं बघून ज्याचं त्याला सांगणार. मला बसवलं तेव्हा त्यांनी माझ्या पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा बघितल्या आणि एवढंच विचारलं, "इस्त्री करताना एक पाय पाटावर ठेवता का?" तोवरच्या तेवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि त्यांना माझ्या बाकी सगळ्यात लक्ष होतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोळ घातला तो लाइटवाल्यांनी.

लाइटवाले सहा. त्यांचा मुकादम गेनबा, मुळशीकडचा, चौपन्न वर्षांचा, तीस वर्षं परांचीवर काढलेला. तीन महिन्यांपासून वर गेलं की त्याला गरगरायचं. त्याचे वडील याच वयात अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते, त्यामुळे आपलंही बीपीच आहे, अशी त्यानं मनाशी खूणगाठ बांधली होती. खाली उतरवलं तर आपण कशाचे मुकादम, या एका विचारानं त्याची झोप उडाली होती. बाकीचे पाच त्याची माणसं. त्यांनी सकाळी जनरेटरच्या मागे बसून तोडगा काढला, आणि असला तोडगा जगात फक्त आमच्या धंद्यातल्या माणसांनाच सुचू शकतो. पडद्यावर नायक घोड्यावरून पडतो तेव्हा पडतो त्याचा डुप्लिकेट. मग दंडाला पट्टा बांधायलाही डुप्लिकेटच पाठवायचा! सिस्टर नव्या, कुणाला ओळखत नाहीत. एकट्या गेनबासाठी पाठवला आणि पकडला गेला तर तो उघडा पडेल, म्हणून सहाही जणांच्या नावानं एकच माणूस जाणार. धडधाकट कोण? कचरू.

कचरू वाशीमकडचा, छत्तीस वर्षांचा, काठीसारखा सडसडीत. खांद्यावर केबलचं वेटोळं घेऊन तो परांची अशी चढायचा की बघणाऱ्यालाच धाप लागावी. शाळा सुटल्यापासून डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही, हे तो छाती पुढे काढून सांगायचा. तंबाखू, कपामागून कप चहा आणि चार तास झोप यावर त्याचं व्यवस्थित चाललं होतं. म्हणजे, असं आम्हाला वाटत होतं.

आता मी कबूल करते. सहा शर्ट मी दिले. कचरूनं येऊन सगळं खरं सांगितलं आणि गेनबासाठी म्हणून हात जोडले. इतक्या वर्षांत गेनबानं माझ्या इस्त्रीच्या तारा कितीदा फुकट जोडून दिल्या होत्या. मेकअपवाल्या चेतनला तर सांगायचीच खोटी. त्या गाढवाला एवढी मोठी संधी आयुष्यात मिळाली नव्हती. त्यानं एकाला मिशा दिल्या, एकाला खुरटी दाढी, एकाला चष्मा, गेनबासाठी केसांवर राखाडी पावडर मारली आणि डोळ्यांखाली सुरकुत्या काढल्या. खरं सांगते, चार हातांवरून बघितलं असतं तर मी गेनबालाच हाक मारली असती.

मग नाटक सुरू झालं. कचरू मिशा लावून आत गेला, पाच मिनिटं बसला, पट्टा बांधून घेतला, बाहेर आला. माझ्या खोलीत शर्ट बदलला, चेतननं दाढी चिकटवली, पुन्हा आत. मधे दुसऱ्या खात्यातले दोघं-तिघं सोडायचे, म्हणजे संशय नको. पलीकडून सिस्टरांचा आवाज दर वेळी तसाच शांत. काही त्रास? नाही. औषध काही? नाही. बसा पाच मिनिटं. मला हसू दाबून धरणं कठीण झालं होतं. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला आमचा एक लाइटवाला राजरोस फसवत होता, आणि माझ्यातल्या पेठेला ते अंमळ आवडतही होतं, हे लपवत नाही.

चौथी पाळी गेनबाची. कचरू पाय ओढत आत गेला, बसला, आणि गेनबाच्या बोलीत "रामराम बाई" म्हणाला. मी इकडे टाचणीची डबी हातात धरून ऐकतेय. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे काही त्रास आहे का विचारलं, आणि या वेळी नाही हे उत्तर आलंच नाही.

मग तो हळू आवाजात बोलायला लागला. सकाळी उठलं की डोकं मागच्या बाजूनं ठणकतं. सहा महिने झाले. परवा शर्टाचं बटण लावताना बटणच दिसेना, डोळ्यांपुढे नुसता धूर. नाकातून दोनदा रक्त आलं. सिस्टरांनी विचारलं, घरी सांगितलंत का? म्हणाला, नाही. बायको घाबरेल. मुलगी अजून दुसरीत आहे.

मी डोक्याला हात लावला. अरे मेल्या, तुला गेनबाचं दुखणं लपवायला पाठवलंय की त्याची जाहिरात करायला? शिवाय गेनबाची मुलगी लग्न होऊन चाकणला नांदतेय, ती दुसरीत कुठून आली? बोलीही मधेच सुटली होती. एवढा चांगला मेकअप केला आणि संवाद विसरला, म्हणून मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडले. याहून जास्त मला काही कळलं नाही, याची आजही लाज वाटते.

दहाला डॉक्टर आल्या. त्यांनी कार्डं चाळली, सिस्टरांशी दोन मिनिटं बोलल्या आणि कल्याणीला बोलावलं. कल्याणीनं साऱ्या युनिटसमोर नाही, सहा लाइटवाल्यांना तेवढं माझ्या खोलीत उभं केलं आणि सांगितलं की तुमच्यापैकी कुणीही आज परांचीवर चढायचं नाही. सहाही जणांचं बीपी भयंकर वाढलेलं आहे, आणि आकडाही जवळजवळ एकच.

पहिल्यांदा त्यांना हसूच फुटलं. एकानं म्हटलं, मशीन बिघडलंय. दुसऱ्यानं म्हटलं, सिस्टरांचा काहीतरी घोटाळा आहे, आम्ही सहा जण आणि आकडा एकच असं कुठं असतं का? आणि हे बोलता बोलता तो थांबला. एकेक करून सगळे थांबले. गेनबानं डोक्यावरची टोपी काढली. तो कचरूकडे बघत होता.

"आकडा एकच हाय," गेनबा म्हणाला, "कारण माणूस एकच हाय."

कचरूच्या ओठांवर अजून अर्धी मिशी चिकटलेली होती. तो म्हणाला, मला काही झालेलं नाही, मी आत्ता चढून दाखवतो. आणि खरंच दाराकडे निघाला. गेनबानं त्याचं मनगट धरलं. "मला सकाळी डोकं दुखत नाही, कचरू. मला वर गेल्यावर गरगरतं. माझ्या नावावर तू कुणाचं सांगितलंस?"

आडोशापलीकडचं त्यानंही ऐकलं होतं तर. कचरू माझ्या इस्त्रीच्या टेबलाला टेकला आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. मी सहा शर्ट दिले होते आणि एकदाही त्या शर्टांतल्या माणसाकडे बघितलं नव्हतं.

तेवढ्यात सिस्टर आत आल्या. मला वाटलं, आता आमची बिनपाण्यानं होणार, आणि व्हायलाच हवी. मी पुढे होऊन सांगितलं, शर्ट माझे, आम्ही तुम्हाला फसवलं. त्यांनी पाण्याचा तांब्या कचरूपुढे ठेवला, त्याला खुर्चीत बसवलं.

"मी दुसऱ्या वेळीच ओळखलं," त्या म्हणाल्या. "मेकअप छानच होता. पण मी चेहरा बघत नाही हो, मी दंड बघते. यांच्या दंडावर लाइटनं भाजल्याचा गोल डाग आहे. तो झाकायचं तुमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही."

मागे लपून उभ्या असलेल्या चेतनचा चेहरा असा पडला की विचारू नका. त्याच्या हिशेबी माणूस गळ्याखाली संपतो. क्लोजअपमध्ये जेवढं येतं तेवढंच रंगवायचं.

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यावर सिस्टर जे म्हणाल्या ते मी इथे जसंच्या तसं लिहिते, कारण या साऱ्या लिखाणात तेवढंच कामाचं आहे. "पहिल्यांदा आकडा वाढलेला आला तर लोक म्हणतात, घाबरलो होतो, धावत आलो होतो. पुन्हा यायला सांगितलं की येत नाहीत. हे तर मुळीच आले नसते. तुम्ही त्यांना सहा वेळा आणून, पाच-पाच मिनिटं शांत बसवून, माझ्यापुढे ठेवलंत. मी कशाला थांबवू? आणि चौथ्या वेळी ते खरं बोलायला लागले. तेव्हा मध्ये बोलले असते तर पुढचं ऐकायला मिळालं नसतं." पुढे त्या म्हणाल्या, डॉक्टरांना मी कार्डं हातात द्यायच्या आधीच सांगितलं होतं की ही सहाही एकाच माणसाची आहेत. कल्याणीलाही ते माहीत होतं! ती दारात उभी राहून मोबाइल बघत होती, अगदी निरागस चेहऱ्यानं. अभिनय करणारे लोक आमच्याकडे कॅमेऱ्यापुढेच असतात, हा माझा समज त्या दिवशी गेला.

डॉक्टरांनी कचरूला पुन्हा तपासलं आणि लगेच इस्पितळात पाठवलं. गेनबा त्याच्याबरोबर जायला निघाला, तर सिस्टरांनी आधी त्याला खुर्चीत बसवलं. आता डुप्लिकेट नव्हता. पट्टा सुटला आणि सिस्टर हसल्या. बीपी अगदी जिथल्या तिथे. गरगरायचं ते डोळ्यांमुळे असावं, असं डॉक्टर म्हणाल्या. भिंतीला लावलेल्या तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली तर तीस वर्षं लाइट टांगणारा हा माणूस तिसऱ्या ओळीला अडकला. कितीतरी दिवसांपासून त्याला साधा चष्मा हवा होता, आणि तो बसला होता वडिलांच्या आजाराची वाट बघत. चष्मा मिळेपर्यंत वर चढायचं नाही, एवढ्यावर निभावलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि कचरूला घेऊन गाडीत बसला.

उरलेल्या चौघांनी मुकाट्यानं आपापले दंड पुढे केले. एकाचं थोडं वाढलेलं निघालं, त्याच्यासाठी चहातली साखर, लोणचं आणि तंबाखू यांच्यावर एकदम संक्रांत आली. अकराचा मुहूर्त साडेबाराला झाला. दिग्दर्शकांनी वेळ टळल्याबद्दल कुरकुर केली, तर कल्याणी म्हणाली, मुहूर्त दुसरा मिळतो. सगळ्यांनी सिस्टरांना नारळ फोडायचा आग्रह केला. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून त्यांच्या घरात हे काही नाही. त्या म्हणाल्या, नारळ तुम्ही फोडा, खोबरं मी वाटते. आणि वाटलंही, प्रत्येकाला काकडीच्या दोन कापांसकट.

त्या दिवसापासून त्या आमच्याच झाल्या. मी एक पाय पाटावर ठेवून इस्त्री करते, संध्याकाळी पोटऱ्या दुखत नाहीत. जनरेटरवाल्याच्या कानात बोळे आले. जेवण दोनला म्हणजे दोनला. दोन वाजून पाच झाले की सिस्टर कॅमेऱ्याच्या बाजूला जाऊन नुसत्या उभ्या राहतात, बोलत काही नाहीत, पण दिग्दर्शकांना अपराध्यासारखं वाटायला लागतं. वडे बंद झाले नाहीत. तेवढी त्यांची अजून ताकद नाही, आणि काही झालं तरी हे पुणे आहे.

कचरू इस्पितळात पाच दिवस होता. डॉक्टरांनी बायकोला समोर बसवून सांगितलं, अजून काही महिने असेच गेले असते तर नस फुटली असती. दोन महिन्यांनी तो परत आला तो वजन वाढवून, तंबाखू सोडून आणि बायकोनं शर्टाच्या खिशात शिवून दिलेल्या गोळ्यांच्या कप्प्यासकट. शिवण वाकडी होती, मी दुरुस्त करून दिली. वर चढायची परवानगी त्याला सिस्टरांनी आणखी महिनाभर दिली नाही. तोवर त्यांच्या कोपऱ्यात तो मदतीला बसायचा, लोकांना रांगेत धरायचा, गप्प बसवायचा. परवानगी मिळाली तरी तपासणीच्या दिवशी सकाळचा तासभर तो आजही तिथेच असतो.

गेल्या महिन्यात नव्या शूटिंगची तपासणी होती. सेटिंगचा एक पेंटर आला, पन्नाशीचा, चेहरा घट्ट मिटलेला. काही त्रास? नाही. काहीच नाही? नाही. सिस्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. मी आडोशाच्या अलीकडे होते, आता मला कान लावायची, आणि फटीतून डोकवायचीही, सवयच लागली आहे. कचरूनं खुर्ची ओढून त्याच्यासमोर घेतली आणि बाही वर करून दंडावरचा तो गोल डाग त्याला दाखवला. "स्वतःच्या नावावर बोलायला जड जातं," तो म्हणाला. "मलाही गेलं होतं. तुम्ही माझ्या नावावर सांगा."

पेंटरनं तो डाग निरखून पाहिला. मग पेंटरनं सांगायला सुरुवात केली, आणि सिस्टरांनी कार्डावर, नंतर खोडता येईल असं, पेन्सिलीनं कचरूचं नाव लिहिलं.